दक्षाच्या गोधडीखाली

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. कासा गावाजवळच्या एका पाड्यावर, घराच्या भिंतीला, म्हणजे कारवीच्या काठ्यांच्या कुडात, खोचलेला असतो. इथे मी सुखात आहे. पण माझ्या आयुष्याचं दीड वर्ष मी एका लहान मुलीच्या गोधडीखाली काढलं. विळ्याचं तिथे काय काम, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचं आहे.

कासा बाजारातल्या एका लोहाराने जुन्या जीपच्या पाट्यापासून मला घडवलं. घाव पुष्कळ सोसले, पण धार अशी आली की लोहार स्वतःच खूश झाला. दोन हजार चौदा साली पाड्यावरच्या चैत्याने मला घरी आणलं आणि आपल्या बायकोच्या, जिजाच्या हातात दिलं. काय तो हात! भाताची मूठ धरली की मी फिरलोच. शेजारची भिकीकाकी, म्हणजे चैत्याची विधवा चुलती, बांधावरून म्हणायची, "इळा चांगला का पोर चांगली, कायच कळत नाय बाय!" मला वाटायचं, विळाच.

पण दिवस फिरले. पुढच्या दोन वर्षांत जिजाची दोन बाळं गेली. एक अकराव्या दिवशी, दुसरं चार महिन्यांचं होऊन तापाने. दोन्ही बाळंतपणं भिकीकाकीच्या हातची. नजर-बाधा बघणाऱ्या भगताने दाणे पाहिले आणि कुणाची तरी नजर असेल, एवढंच म्हणाला. नाव त्याने घेतलं नाही. नाव जिजाने आपल्या मनानेच घातलं, आणि ते चैत्यालाही सांगितलं नाही. मला कसं कळलं? जिजा कापताना पुटपुटते. तिच्या मनातलं सगळं मीच तर ऐकतो.

ती वाळत चालली. ना झोप, ना जेवण. तेव्हा रानशेतची तिची बारकीमावशी तिला आपल्या घरी घेऊन गेली. तिथे रविवारी दहा-बारा माणसं जमून येशूची गाणी म्हणायची, प्रार्थना करायची. जिजा त्यांच्यात बसून पोटभर रडली. रडून झाल्यावर तिला भूक लागली. कितीतरी महिन्यांनी ती दोन भाकऱ्या जेवली.

मग चैत्या आणि ती दर रविवारी तिथे जाऊ लागले. दोघांनी बाप्तिस्मा घेतला. पाड्यावर थोडी कुजबुज झाली आणि थांबली. जिजा बदलली, हे खोटं नाही. ती गुणगुणत कापायची, मलाही हलकं वाटायचं. पण रविवारची शांती बुधवारपर्यंत पुरायची. कुडापलीकडे भिकीकाकी खोकली की जिजाच्या हाताला घाम फुटायचा आणि माझी मूठ ओली व्हायची.

दोन हजार सतरा साली दक्षा झाली, या वेळी दवाखान्यात. आमच्याकडे नजर लागू नये म्हणून बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवतात आणि पाचवी झाली की काढतात. जिजाने मला काढलंच नाही. जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून दक्षाच्या गोधडीखाली सारलं. पास्तर आणि प्रार्थनेची माणसं घरी आली की ती नेमकी माझ्यावर बसायची. मित्रांनो, मला फार लाज वाटायची. शेतात दुसरा विळा चालत होता आणि मी गंजत होतो. भिकीकाकी कुडाच्या फटीतून पोरीला बघायची, आणि जिजा झटकन पोरीवर पदर टाकायची.

पुढच्या वर्षी कापणीला बारकीमावशी मदतीला आली. दुपारी गोधडी उन्हात घालायला तिने उचलली आणि मी चिंधीतून निसटून खणकन जमिनीवर पडलो. जिजा धावत आली.

"मावशे, पास्तरांना सांगू नको."

मावशीने मला उचललं. हसली. "अगं, माझ्या उशाखाली पाच वर्सं कोयता होता. बाप्तिस्म्याच्या नंतरही." मग तिने विचारलं, "येशूला सगळं सांगलंस ना?"

"सगळं सांगलं. एक नाय सांगलं."

"काय?"

"भिकीकाकीनेच माझी पोरं खाल्ली, असं मनात धरलंय मी. त्याला कसं सांगू? तो तिला माफ कर म्हणेल."

मावशीने माझ्यावरचा गंज नखाने खरवडला. "गोधडीखालचा इळा मी काढला," ती म्हणाली, "पण मनातला तुझा तुलाच काढायला लागंल."

दोन दिवस जिजा धुमसत होती. एकटी प्रार्थनेला बसायची आणि मधेच उठायची. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. सगळे आपापल्या शेतात पळाले. भिकीकाकी तेवढी बांधावर बसलेली. तिच्या विळ्याची मूठ फुटली होती, आणि भात उभं होतं.

जिजाने मला दगडावर घासलं. धार नीट लावली. दक्षाला कडेवर घेऊन ती काकीच्या शेतात गेली.

"काकी, पोरीला घे. मी कापते."

काकी हात पुढे करेना.

"घे ना," जिजा रडत म्हणाली. "तूच माझी पोरं नेलीस, असं समजत होते मी. दोन वर्सं. मला माफ कर."

"मला ठावं होतं गं," काकी म्हणाली. "तुझी दोघं गेली तवा मी पण रडले. तुझ्या अंगणात यायला वाट नव्हती, म्हणून कुडामागं रडले."

मग तिने दक्षाला असं घेतलं, जसं कुणी भरलेली घागर घेतं. त्या दिवशी मी जसा चाललो तसा जन्मात चाललो नव्हतो. पाऊस आला तेव्हा शेवटचा भारा काकीच्या घरात होता.

पुढच्या पावसाळ्यात दक्षाला ताप भरला. मी कुडातून बघत होतो. जिजाचा हात आता माझ्याकडे येईल, असं मला वाटलं. तो आला नाही. तिने डोळे मिटले, येशूजवळ दोन शब्द बोलली आणि हाक मारली, "काकी, चल, दवाखान्यात जायचंय!" जीपमध्ये एकीने येशूचं नाव घेतलं, दुसरीने आपल्या देवीचं, आणि पोर दोघींच्या मांडीवर होती. चौथ्या दिवशी तिघी परत आल्या. बुधवार होता तो. जिजा गुणगुणत होती.

तर मित्रांनो, घरातल्या विळ्याची काळजी घ्या. काम झालं की पुसा, कोरड्या जागी खोचा. आणि भीती वाटली तर मला उशाशी घेऊ नका. मी भात कापतो, गवत कापतो, पण भीती माझ्याने कापवत नाही. ती देवाजवळ बोलावी लागते, आणि मग ज्याची भीती वाटते त्याच्या शेतात जावं लागतं. जिजा गेली. मी तिच्या हातात होतो.