चेहरा नसलेली डोकी

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. बसू नका, उभ्यानेच ऐका. गादीवर ओली माती सांडली आहे आणि तुमच्या कपड्यांवरून तुमच्या आईने मला बोल लावलेले मला खपणार नाही.

माझा जन्म लोखंडी कपाटांच्या कारखान्यात झाला. तिथे खुर्च्या करत नसत, पण कारागीर हौशी होता. त्यामुळे मी वजनाला कपाट आणि दिसायला खुर्ची अशी निपजले. लाल रेक्झिनची गादी, मान टेकायला उशी आणि बाजूला एक दांडा. तो दाबला की मी वर जाते. खाली मात्र माझ्या मर्जीने येते. एकदा वकीलसाहेब अर्ध्या दाढीनिशी असे धपकन खाली आले, की कोर्टात तर ते उभ्याने बोलतातच, पण त्या आठवड्यात जेवलेही उभ्यानेच.

माझे मालक म्हणजे मास्टर. त्यांच्या हलक्या हाताची सगळे वाहवा करत. माझ्या वाट्याला फक्त "जरा वर घ्या" एवढेच येई. पण मास्टरांची एक गंमत होती. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहिल्यामुळे त्यांना माणूस समोरून ओळखूच येत नसे. रस्त्यात कोणी नमस्कार केला, की ते गोंधळून हसत. तो माणूस पुढे गेला आणि त्याची मान दिसली, की मग ओरडत, "अहो, तुम्ही होय!"

मग एके सकाळी त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. अर्धांगवायूचा सौम्य झटका, असे डॉक्टर म्हणाले. सौम्य म्हणायला डॉक्टरांचे काय जाते? मास्टरांचे सगळे दुकान त्या एका हातात होते. आता तो हात खांद्याला लटकत होता, पण सांगितलेले ऐकत नव्हता. व्यायाम शिकवायला एक ताई येऊ लागल्या. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. मास्टरांनी तो डाव्या हाताने असा भिरकावला, की समोरच्या शिंप्याच्या चहात पडला.

त्यानंतर मास्टर बोलेनासे झाले. शटर अर्धे ओढून दिवसभर माझ्यावर बसत आणि आरशात बघत राहत. मला फार वाईट वाटे. गिऱ्हाईक बसते ते उठण्यासाठी. हे बसले होते ते बसण्यासाठीच.

एके दिवशी ताईंनी ओल्या फडक्यात गुंडाळून मातीचा गोळा आणला. मास्टरांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, ती म्हणाली, "कशाला उगाच? ते हात लावायचे नाहीत."

"नका लावू म्हणावं," ताई म्हणाल्या, "नुसता समोर असू दे."

गोळा तसाच आरशाखाली पडून राहिला. एका दुपारी मास्टरांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मातीवर ठेवला. पहिल्या दिवशी बटाटा झाला. पुढे बटाट्याला कान फुटला. मग एकदा त्यांनी गोळ्याभोवती नेहमीचे पांढरे फडके गुंडाळले, कंगवा घेतला आणि सवयीने विचारले, "बारीक करू की मध्यम?"

वहिनी मागे चहा घेऊन उभी होती. कप बशीत खडखडला. कित्येक दिवसांनी तिने नवऱ्याचा आवाज ऐकला होता. तिने मातीच्या वतीने उत्तर दिले, "मध्यमच करा. फार बारीक केलं तर घरचे ओळखायचे नाहीत."

मास्टर हसले. वहिनीही हसली आणि हसता हसता रडली.

तेव्हापासून डोक्यांची रांगच लागली. चेहरा एकालाही नव्हता. फक्त केस, कान आणि मान. निवृत्त पोस्टमास्तर एकदा शटरखालून वाकून आत आले आणि थबकले.

"मास्टर, हे माझं टक्कल आहे."

"हो."

"मग उजव्या कानावरची बट कुठंय?"

"तिथवर हात पोचला नाही अजून."

"थांबतो की मी," म्हणत ते स्टुलावर बसलेसुद्धा.

ही बातमी गल्लीभर झाली. जो तो आपले डोके शोधायला येऊ लागला. शिंपी आणि त्याच्या शेजारचा किराणा दुकानदार यांच्यात एका छपरावरून अबोला होता. दोघांनी दोन भोवऱ्यांच्या एकाच डोक्यावर हक्क सांगितला. निकाल लावायला एकमेकांची डोकी मागून बघणे भाग पडले, म्हणजे एकाने वाकायचे आणि दुसऱ्याने केस विस्कटायचे. शेवटी डोके निघाले वकीलसाहेबांचे! दोघेही वकीलसाहेबांना नावे ठेवत, गळ्यात गळे घालून बाहेर पडले.

पुढे संध्याकाळी सगळेच माती घेऊन बसू लागले. शिंप्याने केलेले कान खिशासारखे दिसत, पण बिघडले कोणाचे? मी काही डॉक्टर नाही. गोळ्या तुम्ही डॉक्टर देतील त्याच घ्या. पण कोर्टातून तणतणत आलेले वकीलसाहेब माती मळून माझ्यावर बसले, की त्यांच्या आवळलेल्या मुठी सैल झालेल्या असत, एवढे मी छातीठोकपणे सांगते.

मास्टरांची बोटे हळूहळू वळू लागली. कंगवा आला, कात्री आली. वस्तरा मात्र खणातच होता. मातीची मान कापली तरी ओरडत नाही, जिवंत मान वेगळी. सगळ्यांत जास्त भीती मास्टरांनाच होती.

एके दिवशी पोस्टमास्तर येऊन थेट माझ्यावर बसले. "दाढी करा."

"हात थरथरतो हो अजून."

"थरथरू दे. डोक्यावर माझ्याकडे गमावण्यासारखं काही नाही. मान एकच आहे, पण ती तुमच्या ओळखीची आहे."

मास्टरांनी वस्तरा उघडला. हात हवेत थरथरला. त्यांनी तो मागे घेतला, डाव्या हाताने पोस्टमास्तरांची मान चाचपली आणि पुन्हा वस्तरा टेकवला. पोस्टमास्तर बोलले मोठे, पण त्यांची नखे माझ्या रेक्झिनमध्ये रुतली होती. त्या भोकांतून अजून कापूस डोकावतो. वस्तरा मात्र सावकाश, न अडखळता चालत राहिला. अर्धी दाढी झाली आणि दुकानात एक आवाज घुमला.

"अगं बाई," वहिनी कुजबुजली, "हे तर घोरतायत!"

मास्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते बाहीला पुसले आणि उरलेली दाढी पूर्ण केली.

मित्रांनो, माझी गादी कोणीतरी शिवावी, हे माझे मागणे आहेच. पण त्याआधी तुमचे हात रिकामे ठेवू नका. चित्र काढा, माती मळा, गा, काहीही करा. वाईट झाले तरी करा आणि चार जणांना सोबत घ्या. हे रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत असे कोणी म्हणाले, तर त्याला माझ्याकडे पाठवा. त्या दिवसांत मास्टरांचा सगळा भार मी झेलला आहे. ते माझ्यावरून कधी उठतील, असे मला वाटले नव्हते. आज ते माझ्या मागे उभे आहेत.