सात काड्यांचे पूल

माझ्या शिवणकामाच्या खोलीसमोर एक तुतीचं झाड आहे. लावलं माझ्या नवऱ्याने. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. दुपारची हातशिलाई मी त्या झाडाखालीच बसून करते.

धाकटे दीर शेजारीच राहतात. मनाने सोन्यासारखे, पण घाई अशी की गाडी सुटायची असावी. हिवाळा सरत आला तेव्हा गवत कापायचं नवं यंत्र घेऊन आले आणि घटकाभरात अंगण साफ करून गेले. बाहेर येऊन बघते तो बुंध्याची साल चार बोटं रुंद, अगदी गोल, सगळीकडून उडालेली. आतलं पांढरं लाकूड उघडं पडलेलं.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"अहो वहिनी, नुसतं खरचटलंय. भरून येईल आपोआप. आणि नाही आलं तर बघू."

ते 'बघू' मला असं झोंबलं की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

तिसऱ्या दिवशी ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईने झाड पाहिलं आणि ती म्हणाली, "माझ्या सासऱ्यांना दाखवू या का? चाळीस वर्षं रोपवाटिकेत कलमं बांधलीत त्यांनी." दुसऱ्या दिवशी ती त्यांना हाताला धरून घेऊन आली. ऐंशीच्या घरातले काका, काठी टेकत, हात सारखे थरथरणारे.

काकांनी बुंध्याभोवती एक फेरी मारली. "लाकूड शाबूत आहे," ते म्हणाले. "म्हणजे मुळांचं पाणी वर चढत राहणार. पानं फुटतील, फळंही धरतील. तुम्हाला वाटेल, चला, वाचलं."

"मग वाचलंच ना?" भाऊजी कुंपणापाशी उभे होते, तिथूनच म्हणाले.

"नाही हो. पाणी वर जातं ते लाकडातून. पण पानं जी साखर तयार करतात ती मुळांकडे खाली येते सालीतून. तो रस्ताच तुम्ही कापलात. मुळं साठवणीवर दिवस काढतील, आणि ती संपली की उपाशी मरतील. वरून हिरवंगार दिसणारं झाड एखाद-दोन वर्षांत वाळून जाईल."

भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला.

"उपाय आहे," काका म्हणाले. "याच झाडाच्या काड्या जखमेवरून पुलासारख्या बसवायच्या. खालचं टोक खालच्या सालीत, वरचं वरच्या. धरल्या तर साखर त्यांच्यातून उतरते."

"मग बसवा ना काका!"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "या हातांनी? झाडाआधी माझंच बोट जाईल." मग माझ्या मांडीवरच्या कापडाकडे बघून म्हणाले, "ही तुरपाई तुझी? टाके दिसतसुद्धा नाहीत. पोरी, तूच बसवायच्या."

डोळे मिटलेल्या, म्हणजे अजून कोंब न फुटलेल्या काड्या आम्ही त्याच दिवशी कापल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. जखमेवर ओलं फडकं बांधलं. रस चढून साल लाकडापासून सुटी होईपर्यंत आठ दिवस थांबायचं होतं. नवव्या दिवशी काका खुर्चीवर बसले आणि मी मातीत गुडघे टेकले. काडीची टोकं बोरूसारखी तिरपी तासायची, सालीला चीर द्यायची, टोक आत सरकवायचं, बारीक खिळा ठोकायचा, वर मेण. भाऊजी मेणाचं भांडं धरून उभे.

चौथ्या काडीला काका ओरडले, "अगं थांब! डोळ्यांची तोंडं बघ कुठे आहेत! उलटी लावतेयस."

बघते तर खरंच. मखमल कापताना लव कुठे वळतेय ते बघायला मी शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना शिकवते, आणि स्वतःच चुकले. काका हसले तसे भाऊजीही हसले, आणि मलाही हसू आवरेना. आमचा अबोला तिथेच संपला.

सात काड्या बसवल्या. दोन वाळल्या, पाच धरल्या. भाऊजी रोज सकाळी पाणी घालायचे आणि काड्यांवर फुटलेले कोंब खुडायचे. "ताकद फांदीत नको, पुलात जाऊ दे," काकांनी बजावलं होतं. वर्षभरात एक दिवसही चुकला नाही त्यांचा. दुसऱ्या वर्षी पानं फुटली तोवर काड्या अंगठ्याएवढ्या जाड झाल्या होत्या. काकांनी त्यांवरून हात फिरवला. "उतरतेय साखर," ते म्हणाले. मी पाया पडायला वाकले तर म्हणाले, "मी तर नुसता बसून होतो."

तोंडी आभार मानून माझं समाधान होईना. त्यांच्या सुनेकडून कळलं की रोज सकाळी शर्टाची बटणं लावून घ्यायला त्यांना तिला हाक मारावी लागते, आणि ते त्यांना जिवावर येतं. मी मऊ सुती कापडाचा शर्ट शिवला. वरून नुसती दिसायला बटणं, आतून सगळी दाबली की चिकटणारी वेल्क्रोची पट्टी. घडी करून भाऊजींच्या हाती पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका एकटे आले. शर्ट अंगात, कॉलर नीट बसलेली. ते खुर्चीवर टेकले.

"सूनबाई अजून झोपलीय," ते म्हणाले. "तिला उठवलं नाही आज."

मी मान खाली घालून दोरा ओवत राहिले. डोळ्यांत पाणी असलं की सुईचं भोक सापडत नाही.