अर्ध्या गोळीची साक्षीदार

मित्रांनो, उद्याची माणसे किती धडधाकट म्हातारी होणार, हे एकेकाळी माझ्या पोटात ठरत होते. पोट म्हणजे सात खण, सोमवार ते रविवार. त्यांपैकी बुधवारचे झाकण नीट लागत नव्हते.

मी एक जुनी, निळ्या प्लास्टिकची, गोळ्या ठेवायची डबी आहे. माझा जन्म साच्यात झाला. एका मिनिटात चाळीस बहिणी जन्मल्या, त्यामुळे कोडकौतुकाचा प्रश्नच नव्हता. बुधवारच्या वेळी साचा जरा लवकर उघडला असावा. तपासनिसाने मला उचलले, जांभई दिली आणि "ठीक आहे" म्हणून पुढे ढकलले. बरेच दिवस माझी झालेली स्तुती ती एवढीच.

तिथून मी एका संशोधक बाईंच्या पिशवीत बसून मास्तरांच्या घरी आले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. चाळीस वर्षे त्यांनी सदरे शिवले, तेवढीच वर्षे विड्या ओढल्या, आणि छातीतून शिट्टी वाजू लागली तेव्हा दोन्ही सोडले. त्यांची बायको, म्हणजे काकू, शेजारी बसून काजेबटणे करीत.

बाईंना दीडशे माणसे हवी होती. निम्म्यांना वर्षभर रोज क आणि ई जीवनसत्त्वांची गोळी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसत्या भुकटीची. कोणाला कोणती, हे बाईंनाही ठाऊक नव्हते. ते एका बंद पाकिटात होते. आधी एकदा रक्त, वर्ष संपल्यावर पुन्हा रक्त.

"पण रक्तात बघणार काय?" मास्तरांनी विचारले.

बाई सांगू लागल्या. प्रत्येक पेशीत जनुकांचा मजकूर असतो. तो सहसा बदलत नाही, पण त्याच्यावर बारीक रासायनिक खुणा असतात. कुठला भाग वापरायचा आणि कुठला मिटून ठेवायचा, ते त्या खुणांवरून ठरते. वय, खाणेपिणे, धूर यांनी त्या बदलतात. पेशींची झीज रोखणारी जीवनसत्त्वे पोटात गेली तर त्या खुणांत काही फरक पडतो का, ते पाहायचे.

"म्हणजे कापड तेच," मास्तर म्हणाले, "खडूच्या खुणा वेगळ्या."

बाईंचे पेन थांबले. "अहो मास्तर, हेच सांगायला मला चार वर्षं आणि तीनशे पानं लागली!"

"विडीच्या खुणा पुसतील?"

"ठाऊक नाही. म्हणून तर तुमच्या रक्तालाच विचारतेय."

मी मास्तरांना मिळाले आणि माझी पिवळी बहीण काकूंना. माझ्या गोळ्यांना आंबूस वास होता, पिवळीच्या गोळ्यांना कसलाच नव्हता. बंद पाकिटातले गुपित मला पहिल्याच दिवशी कळले. त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

पहिल्या सकाळी मास्तर गोळी तळहातावर घेऊन बसून राहिले.

"अगं, मला खरी आली असेल आणि तुला खोटी, तर?"

"तर काय? तुमची छाती सुधारेल. माझी कुठे बिघडलीय?"

"आणि तू आधी गेलीस म्हणजे? त्या सुधारलेल्या छातीचं मी करू काय?"

काकूंनी उत्तरादाखल कात्री दिली.

या घरात केळे आले तरी अर्धे-अर्धे, बिस्कीट आले तरी अर्धे-अर्धे. मास्तरांनी दोन्ही गोळ्या कापल्या. हात असा, की दोन तुकड्यांत केसाचा फरक नाही. दोघांनी खरीतली अर्धी आणि खोटीतली अर्धी गिळली, वर पाणी प्यायले आणि विषय संपला.

माझा मात्र सुरू झाला. बाई दर महिन्याला येत, उरलेल्या गोळ्या मोजत. आकडा बरोबर! "तुमच्यासारखी माणसं मिळायला भाग्य लागतं," असे म्हणून वहीत खूण करीत. वहीत एकाला पूर्ण, दुसऱ्याला काहीच नाही. पोटात दोघांना निम्मे. उद्या याच वहीवरून लोकांना 'गोळ्या घ्या' किंवा 'घेऊ नका' असे सांगणार! मला वाचा नाही, म्हणून मी खुळखुळले. जिवाच्या आकांताने खुळखुळले.

"ही डबी फार वाजते हो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या सातही खणांत कापूस कोंबला.

दहाव्या महिन्यात मास्तरांचा हात थरथरू लागला. मग हात स्थिर असेल त्या दिवशी ते आठवड्याभराच्या गोळ्या एकदम कापून ठेवू लागले. तुकडे कापसात अडकत, म्हणून काकूंनी तो काढून टाकला. बाईंनी मोजायला मला उचलले, आणि माझा अप्रतिष्ठित बुधवार आयुष्यात प्रथमच उपयोगी पडला. झाकण उघडले. दोन तुकडे टेबलावरून घरंगळत बाईंच्या चपलेपाशी गेले.

"अर्ध्या का केल्यात? गिळायला त्रास होतो का?"

सुटका समोर उभी होती. 'हो' म्हटले की झाले. काकूंनी डोळ्यांनी खुणावलेसुद्धा. मास्तरांनी घसा खाकरला.

"त्रास नाही. निम्मी हिला. हिच्यातली निम्मी मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बाई वहीची मागची पाने उलटू लागल्या. "आणि मी दर महिन्याला मोजत होते!"

"किती उरल्या ते विचारायचात," काकू म्हणाल्या. "कोणी खाल्ल्या ते कुठे विचारलंत?"

बाई हसल्या आणि त्यांनी डोळे पुसले. "तुमच्या दोघांची नावं काढावी लागतील. शेवटचं रक्तही नको आता."

"म्हणजे माझ्या खुणा पुसल्या की नाही, ते कळणारच नाही?"

बाईंनी वही मिटली. मास्तरांनी ते दोन तुकडे उचलून टेबलावर ठेवले.

"चुकलेली शिवण ठेवून वर इस्त्री फिरवायची नसते, बाई. उसवा."

मग बाई 'कोणी खाल्ल्या?' हा नवा प्रश्न घेऊन घरोघर फिरल्या. आणखी अकरा ठिकाणी भानगड निघाली. एका आजींनी वर्षभर गोळ्या गुलाबाच्या कुंडीत घातल्या होत्या. गुलाब उत्तम होता, पण त्याचे रक्त कोणी घेतले नव्हते. शेवटी अहवाल आला: काही माणसांत काही खुणा किंचित सरकल्या, त्यातून भले होते की बुरे, हे अजून सांगता येत नाही. एवढेच. पण जेवढे होते, तेवढे खरे होते.

आता माझ्या पोटात बटणे असतात. मास्तर आणि काकू अजून केळे अर्धे-अर्धे खातात.

मित्रांनो, कोणी तुम्हांला मोजायला आले तर खरे सांगा, मग ते विचारोत वा न विचारोत. ज्यांना बोलता येत नाही त्यांचे खुळखुळणे ऐका, त्यांच्या तोंडात कापूस कोंबू नका. आणि हे सगळे फारच अवघड वाटले तर निदान माझ्या बुधवारला एक रबर लावा. बटणे सांडतात.