एक टोला

खुणा जावयानेच ठरवल्या होत्या. पंप खाली ओढ्यात, स्विच वर सासऱ्यांच्या घरात, मध्ये छातीवर येणारा चढ. हाक पोचत नाही, फोन लागत नाही. म्हणून वर घरापर्यंत गेलेल्या लोखंडी पाइपावर पान्याने टोला द्यायचा. एक म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद.

"जावईबापू, बंदचा एक ठेवा आणि चालूचे दोन," सासरे म्हणाले होते.

"मामा, वायरिंग मी करतोय की तुम्ही?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आमच्या जावयाला तेवढाही लागला नाही.

आता भोगा. ओल्या दगडावरून पंप घसरला, जावयाचा पाय त्याखाली अडकला आणि अजून न जोडलेल्या वायरींची दोन्ही उघडी टोकं निसटून त्याच्या कमरेजवळ पाण्यात पडली. पाना हाताशी होता, पाइपही होता. पण टोले कितीही द्या, पहिला एकच असतो. आणि पहिल्यालाच म्हातारा स्विच दाबणार. सांगितलं तेवढंच करणारा माणूस! तासभर तो नुसता बसून राहिला, पाय बधिर होत गेला.

मग सुचलं. मदतीला म्हातारा येईल न येईल, चूक काढायला मात्र धावत येईल. प्लास्टिक पाइपाचा उरलेला तुकडा जवळच पडला होता. वायरी पुसून, एकमेकींना लागू नयेत म्हणून त्याने एक टोक इकडून, दुसरं तिकडून आत खुपसलं आणि तुकडा डोक्यावरच्या कोरड्या फांदीला अडकवला. डोळे मिटून एक टोला दिला. काही झालं नाही. वर पाणीही गेलं नाही.

अर्ध्या तासाने आधी बडबड आली, मागून काठी. "थेंब नाही पाण्याचा. आणि हा काय पाळणा टांगलाय?" म्हाताऱ्याने फांदीकडे हात नेला.

"मामा, हात लावू नका. स्विच बंद केलात ना?"

"दोन टोले कुठे दिलेत तुम्ही?"

हात थांबला. मग त्यांना पाय दिसला.

"बंद केलं की एक टोला देतो. माझ्या पद्धतीचा," एवढं म्हणून ते वळले.

गुडघे धरत सासरे पुन्हा तो चढ चढू लागले, दिसेनासे झाले. जावई पाइपाला कान लावून बसला. बराच वेळ काही येईना. वाटेत पडले तर? कोणाला कळणार? त्याला स्वतःचीच चीड आली.

कानाशी लोखंड वाजलं. एकदाच. जावई लहान मुलासारखा रडला.