अक्कांचा पाय आणि ओला रंग

मी एक जुना चौरंग आहे, मित्रांनो. सुताराने मला देव बसवण्यासाठी घडवले. कुणा भाविकाने उज्जैनच्या एका दवाखान्याला दान दिले आणि माझ्यावर रोग्यांचे पाय आले. उंच लोखंडी पलंगावरून उतरताना पहिला पाय माझ्यावर, एवढेच काम. संस्थान गेले, मध्यभारत आला, छप्पन्न साली मध्यप्रदेश झाला. दर वेळी माझ्यावर नव्या राज्याचे नाव रंगवले गेले. पलंगाची उंची मात्र कोणत्याच राज्याने कमी केली नाही.

त्या नोव्हेंबरात माझ्या पलंगावरच्या म्हाताऱ्या अक्कांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. उतरण्यापूर्वी त्या हात जोडत, "माफ कर रे बाबा, पाय लावतेय," म्हणत आणि मग पाय सोडत. इतक्या वर्षांत मला विचारून पाय देणारी ही एकच बाई.

एके सकाळी हेडक्लार्क श्रीकांतराव मला रंगवायला व्हरांड्यात घेऊन गेले. झाडूवाल्या किसनने पाहिले, कंपाउंडर माधवरावांनी पाहिले, नर्स सुलभाबाईंनीही पाहिले. उरलेल्या दोघांपैकी कुणीतरी अक्कांना सांगितले असेल, असे प्रत्येकाला वाटले. अक्कांनी माझी माफी मागितली आणि हवेत पाय टाकला.

किंकाळी ऐकून मंडळी धावली. श्रीकांतराव ओरडले, "जरा सांभाळून! रंग ओला आहे!"

डोळा गेला. डॉक्टर विनायकरावांनी हात स्वच्छ धुतले आणि कागदावर लिहिले : रोगी स्वतःच्या निष्काळजीपणाने पडली. मित्रांनो, थुंकीची भांडी मी रोज जवळून पाहतो. पण शिसारी आली ती त्या धुतलेल्या हातांची.

फेब्रुवारीत अक्का दुसऱ्या डोळ्यासाठी आल्या. "हा गेला तर संपलंच गं," त्या सुलभाबाईंना म्हणाल्या.

सुलभाबाईंनी सगळ्यांना पलंगाभोवती उभे केले. किसनलाही.

"किसनचं इथं काय काम?" डॉक्टर.

"पोछा मारताना चौरंग तोच हलवतो ना, डॉक्टर. बोल रे किसन."

"साब, मैं तो वापस रख देता हूँ," किसन चाचरत म्हणाला. "राउंड के टाइम आपका जूता सरका देता है."

माधवरावांना एकदम खोकला आला. दहा वर्षांत डॉक्टरांना हे कुणी सांगितले नव्हते, कारण किसनने डॉक्टरांशी बोलायची पद्धतच नव्हती. त्या दिवशी ठरले : जो चौरंग हलवील, त्यानेच अक्कांना मोठ्याने सांगायचे आणि परत ठेवूनच जायचे. जोडा कुणाचाही असो.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी श्रीकांतराव ब्रश घेऊन हजर. "नंबर वर रंगवलाय, तो खालच्या बाजूला हवा. हुकूम आहे."

"अक्का के उतरने तक नहीं हिलेगा, बाबूजी," किसन म्हणाला.

"तू कोण रे मला सांगणारा?"

शेजारच्या रोग्याला तपासत बसलेले डॉक्टर उठले आणि सरळ माझ्यावर बसले. "न्या. माझ्यासकट न्या."

श्रीकांतरावांनी डॉक्टरांचे वजन डोळ्यांनी मापले आणि ब्रश घेऊन परत गेले.

तर मित्रांनो, माझी कळकळीची विनंती आहे. चौरंग हलवलात तर तोंड उघडा. दुसऱ्याने सांगितले असेल, असे समजून गप्प बसणारी चार शहाणी माणसे मिळाली की एक डोळा सहज जातो.

पट्टी सुटली त्या दिवशी अक्का माझ्यावर पाय ठेवून, किसनच्या हाताला धरून खाली उतरल्या. मग वाकून मला पहिल्यांदाच नीट पाहिले आणि नाक मुरडले.

"अगंबाई! काय हा घाणेरडा रंग! ह्याच्यासाठी माझा डोळा घालवलात होय रे?"