मऊ पडलेला ब्रेक

नझीहाला साठीच्या तोंडावर गाडीचा परवाना मिळाला, तेव्हा सगळ्या केफ गावाने तिचं कौतुक केलं. पण शेजारच्या सीटवर तिचा नवरा मोंजी बसणार हे कळल्यावर लोकांना तिची दयाच आली. मोंजीची उभी हयात बस चालवण्यात गेली होती. आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला गाडी चालवता येते, हे त्याला मनापासून कधी पटलंच नव्हतं.

"ब्रेक मऊ लागतोय रे," नझीहा बरेच दिवस सांगत होती.

"ब्रेक मऊ नाही, तुझा पाय मऊ आहे," मोंजी म्हणायचा. "दाबायचं म्हणजे दाबायचं. कणीक मळल्यासारखं नाही."

शनिवारी सकाळी दोघं सेर्सला निघाली, नझीहाच्या बहिणीकडे जेवायला. मागच्या सीटवर कपड्यात बांधलेलं कुसकुसचं पातेलं होतं. गढीखालचा उतार लागला आणि वळणाआधी नझीहाने ब्रेकवर पाय दिला. पेडल अर्ध्यावर गेलं, आणखी खाली गेलं आणि थेट तळाला टेकलं. गाडी मात्र आपल्याच नादात चाललेली.

"दाब," मोंजी म्हणाला.

"दाबलंय."

"अगं, जोरात दाब."

तिने आणखी दोनदा पाय मारला. काही उपयोग नाही. मग तिने त्याचं ऐकणं सोडून दिलं. गिअर दुसऱ्यात टाकला, मग पहिल्यात. इंजिन घोगऱ्या आवाजात ओरडलं आणि गाडीचा वेग पडला. हँडब्रेक ओढला, तोही जेमतेमच लागला. पुढे एका अर्धवट बांधलेल्या घरासमोर वाळूचा ढीग होता. नझीहाने गाडी हळूच त्यात घातली. मऊसा धक्का बसला, पातेलं पुढच्या सीटवर आपटलं आणि सगळं शांत झालं.

मोंजीने तिला उतरवलं, स्वतः बसून पेडल दाबलं. त्याचाही पाय तळाला गेला. त्याने पुन्हा दाबून पाहिलं.

"काय, तुझाही पाय मऊ पडला का?" नझीहाने विचारलं. हे विचारल्याशिवाय तिला राहवलं नाही.

ब्रेकचं काम करणाऱ्या खमीस उस्तादाचं गॅरेज उताराच्या पायथ्याशीच होतं. फोन करताच तो आपली जीप घेऊन आला आणि मधे लोखंडी दांडा बांधून त्याने गाडी सांभाळून खाली नेली. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलची डबी जवळजवळ रिकामी.

"ऑइल हवेत उडत नाही, सी मोंजी," खमीस तिथल्या रीतीने आदराची हाक देत म्हणाला. "कुठूनतरी गळतंय. लल्ला नझीहा, तुम्ही बसा पेडलवर. दाबून धरा, मी खाली बघतो."

डबीत थोडं ऑइल ओतून तो हातातला टॉर्च पेटवून गाडीखाली शिरला. पुढची चाकं कोरडी होती. रबरी नळ्या वाकवून पाहिल्या, त्यांना चीर नव्हती. पेडलच्या वरही काही ओलं नव्हतं. मग मागच्या डाव्या चाकाशी तो थांबला. चाकाच्या आतल्या बाजूला चिकट ओल होती आणि तिच्यावर धुळीचा थर बसला होता. बोटाने पुसून त्याने वास घेतला.

"सापडलं," तो खालूनच म्हणाला.

चाक काढलं, त्यामागचा ब्रेकचा ड्रम ठोकून ठोकून सुटा केला. आतल्या छोट्या सिलिंडरचं रबर त्याने नखाने जरा मागे सारलं, तर ऑइलची धारच लागली. ड्रमला घासून चाक थांबवणारे दोन्ही ब्रेक शू भिजून चिंब झाले होते.

"हे एका दिवसात झालेलं नाही," खमीस म्हणाला. "पेडल मऊ लागत होतं का?"

नझीहाने नवऱ्याकडे पाहिलं. मोंजी गॅरेजच्या छताकडे पाहत होता.

नवा सिलिंडर आणि नवे शू यायला वेळ होता. तेवढ्यात भुका लागल्या. नझीहाने पातेल्यावरचं कापड सोडलं. कुसकुस एका बाजूला सरकलं होतं, पण सांडलं नव्हतं. तिघांनी तिथेच, टायरांवर बसून, एकाच पातेल्यात चमचे घातले. खमीसने हरीसाची तिखट चटणी आणखी मागितली, आणि नझीहाचा राग बराचसा निवळला.

सामान बसवून झाल्यावर नळ्यांतली हवा काढायची होती. खमीस मागच्या चाकाशी, नझीहा पेडलवर, आणि पुढे डबी भरत राहायचं काम मोंजीकडे.

"दाबा... धरून ठेवा," खमीस चाकाशी हवा काढायचं निप्पल सैल करत सांगायचा. बुडबुडे येत, मग तो निप्पल आवळायचा. "आता सोडा."

पेडल हळूहळू घट्ट होऊ लागलं. तेवढ्यात दारात दोन ओळखीचे लोक आले आणि मोंजीने त्यांना उताराची हकीकत सांगायला घेतली. त्याच्या हकीकतीत वाळूचा ढीग त्यानेच हेरला होता. नझीहा ऐकत दाबत होती. एकाएकी तिच्या पायाला काहीतरी वेगळं लागलं.

"थांबा उस्ताद. पुन्हा मऊ झालं. हवा शिरली."

खमीसने पुढे येऊन पाहिलं. डबी कोरडी ठणठणीत. ऑइलची बाटली मोंजीच्या हातात तशीच होती. ती हलवत तो गोष्ट सांगत होता.

"सगळं पहिल्यापासून," खमीस म्हणाला. "सी मोंजी, गोष्ट नंतर सांगा. आणि ढीग कुणाला दिसला तेही नीट आठवून ठेवा."

दारातले लोक हसले, मोंजीही ओशाळून हसला. या खेपेला त्याने डबीवरून नजर हलवली नाही.

काम संपल्यावर खमीसने गाडीची चावी पुढे केली. मोंजीने सवयीने हात पुढे केला, मग तोच हात मागे घेऊन म्हणाला, "तिला दे. तिच्या पायाला जास्त कळतं."

गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर नझीहाने हळूहळू चार-पाचदा ब्रेक लावून पाहिला. मग सेर्सच्या वाटेवरचा पुढचा उतार लागला. मोंजीने दोन्ही पाय पुढे रोवले.

"तुझ्या बाजूला पेडल नाहीये," ती म्हणाली.

"माहीत आहे. पाय लांब करून बसलोय."

वळणाआधी तिने ब्रेक दाबला. पेडल वरच्या वरच लागलं आणि गाडी शहाण्यासारखी हळू झाली. मोंजीने मेव्हणीला फोन लावला: आम्ही येतोय, उशीर झालाय, आणि जेवायला काहीतरी करून ठेव, कारण कुसकुस संपलं.

"का संपलं?" पलीकडून विचारणा झाली.

"ते नझीहा सांगेल," मोंजी म्हणाला. "गाडी तीच चालवतेय."