आजीतला करंट

दवाखान्यातून येऊन आठवडा होत आला, तरी कुशाबाईचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. छातीत मशीन बसलं, चक्कर थांबली, सगळं खरं. पण नात संस्कृती जवळ येईना. एरवी पदराला धरून हिंडणारी पोर आता खांबाआडून बघायची आणि हाक मारली की पळायची. कुशाबाई खाटेवरून उठायची, ओसरीभर फिरायची, पुन्हा बसायची. घास नुसता तोंडात घोळायचा.

"म्या काय केलं गं तिला?" तिनं सुनेला विचारलं.

वृषाली ओशाळली. "आत्या, ती म्हणती, आजीत करंट हाय."

घ्या. हे सगळं लेकाच्या, अमृतच्या तोंडानं झालेलं. ओतूरकडच्या उसातून बिबट्या आला, दारातलं कुत्रं उचललं, तेव्हा त्यानं घराभोवती झटक्याची तार ओढली. करंट असंल तिथं हात लावायचा नाय, असं पोरीला उठता-बसता बजावलं. आणि आईला घरी आणल्या दिवशी यानंच शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, आता आमच्या आईचं काळीज करंटवर चालतं. पोरीनं दोन्ही जोडलं, तिचं काय चुकलं?

कुशाबाईनं तिला लांबूनच समजावलं. "डाक्टर म्हणले, करंट समद्यांच्याच काळजात असतो. वरच्या कप्प्यात निघतो, खालच्यात जातो. मधी चिवट पडदा, त्यातून जात नाय. जायला एकच वाट, आपल्या कुंपणाला एकच फाटक हाय तशी. माजी ती वाट बंद पडली, म्हणून मशीन. तुज्यात बी करंट हाय, बाळा."

पोरीनं स्वतःच्या छातीकडं पाहिलं आणि भोकाड पसरून आईकडं पळाली. होतं तेही गेलं. कुशाबाईला स्वतःचाच लई राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पायरीवर बसली होती. संस्कृती बांधावरचं लांब हिरवं गवताचं पातं घेऊन आली. तार चालू आहे का ते अमृत असंच बघायचा. पात्याचं टोक तारेवर टेकवून हळूहळू पुढं सारायचा, हाताला झिणझिण्या आल्या की समजायचं.

पोरीनं हात लांबवून टोक आजीच्या दंडाला लावलं. कुशाबाईनं श्वास रोखून धरला. पोर पातं सारत एक पाऊल पुढं आली, मग आणखी एक. शेवटी तिचं बोटच दंडाला लागलं. काहीच झालं नाही. तिचा चेहरा उतरला.

"आजे, तुजा करंट गेला?"

आणि तिनं घाबरून आजीच्या छातीला कान लावला.